आर्नहेम लँडमधला मगरीच्या अंड्यांचा व्यवसाय

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला, डार्विन शहराच्या पूर्वेला आर्नहेम लँड आहे, सुमारे ९७ हजार चौरस किलोमीटरचा आदिवासींच्या मालकीचा प्रदेश. तिथल्या दलदलीतून खाऱ्या पाण्यातल्या मगरीची अंडी गोळा करायची आणि कातड्यासाठी मगरी वाढवणाऱ्या फार्मवाल्यांना विकायची, असा हा धंदा, पण चोरटा नाही, सरकारी परवाना आणि ठरलेल्या कोट्यावर चालणारा. आपल्याकडे सांगलीजवळ कृष्णेत दिसते ती मगर वेगळी जात. ही तिच्यापेक्षा बरीच मोठी, नर पाच मीटरच्याही पुढं जातो, आणि माणसावर हल्ला करते.

दुसऱ्या महायुद्धानंतर कातड्यासाठी या मगरींची बेसुमार शिकार झाली आणि १९७१ मध्ये नॉर्दर्न टेरिटरीत, म्हणजे आर्नहेम लँड ज्यात येतं त्या प्रांतात, बंदी आली तेव्हा तिथं जेमतेम ३,००० मगरी उरल्या असाव्यात असा अंदाज होता. बंदीनंतर संख्या वाढली तशी माणसं मरायलाही लागली, १९७९-८० च्या सुमारास लागोपाठ हल्ले झाले, आणि "मारून टाका सगळ्या" ही मागणी जोर धरायला लागली. तेव्हा ग्रॅहॅम वेब यांच्यासारख्या संशोधकांनी मांडलं की ज्याच्या जमिनीवर मगर अंडी घालते त्याला त्या अंड्याचे पैसे मिळाले तर तो तिला राहू देईल. १९८० च्या दशकात अंडी गोळा करणं सुरू झालं, १९८५ मध्ये वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स करारात ऑस्ट्रेलियातल्या या मगरीला पहिल्या, कडक परिशिष्टातून दुसऱ्यात, म्हणजे नियंत्रित व्यापार चालणाऱ्या यादीत आणलं त्यामुळं कातड्याचा व्यापार कायदेशीर झाला, आणि आज टेरिटरीत सुमारे एक लाख मगरी आहेत असं मानतात. मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच वाटते, की धोकादायक जनावर जगवायचं तर त्याच्या शेजारी राहणाऱ्याच्या हातात काहीतरी पडलं पाहिजे, नुसत्या कायद्यानं ते होत नाही.

अंडीच का, तर निसर्गात त्यातली बरीचशी तशीही वाया जातात. मादी पावसाळ्यात, साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, गवत-चिखलाचा ढीग रचून त्यात पन्नासेक अंडी घालते आणि पूर आला की घरटंच्या घरटं बुडतं. त्यामुळं अंडी उचलली तरी मोठ्या मगरींच्या संख्येवर फारसा फरक पडत नाही.

काम मात्र जिवावरचं. पावसाळ्यात रस्ते बंद, म्हणून हेलिकॉप्टर किंवा एअरबोट, आणि मादी घरट्याजवळच दबा धरून असते, तेव्हा एकजण काठी घेऊन तिला थोपवतो आणि दुसरा घरटं उकरतो. अंडं काढायच्या आधी त्याच्या वरच्या बाजूला पेन्सिलनं खूण करतात, कारण आतला गर्भ कवचाला वरून चिकटलेला असतो आणि अंडं उलटं झालं की तो मरतो. कवचावर पांढुरका पट्टा दिसला तर अंडं जिवंत, आणि तो किती रुंद झालाय त्यावरून अंडं किती दिवसांचं ते कळतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये याच कामावरचं हेलिकॉप्टर कोसळून एक अंडी गोळा करणारा गेला.

मॅनिंग्रिडा हे लिव्हरपूल नदीच्या मुखाशी वसलेलं गाव यात विशेष आहे. तिथं १९७९ पासून बाविनांगा ही आदिवासींची संस्था आहे आणि तिचे डजेल्क रेंजर्स, म्हणजे जमिनीची आणि वन्यजीवांची देखभाल करणारे स्थानिक लोक. त्यांनी नुसती अंडी न विकता गावातच इनक्युबेटर लावून पिल्लं काढून विकायला सुरुवात केली, म्हणजे मजुरी आणि कौशल्य दोन्ही गावात राहिलं. हे फार गरजेचं होतं, कारण खरा पैसा पुढं डार्विनच्या फार्ममध्ये आणि त्याहून पुढं युरोपातल्या महागड्या पर्समध्ये असतो. कुठून अंडी घ्यायची हे जमिनीचे पारंपरिक मालक ठरवतात. पूर्वेकडच्या योल्ङु लोकांतल्या काही कुळांसाठी तर बारू ही मगर पूर्वज आहे, अग्नीशी जोडलेली, तेव्हा व्यवहार करताना हे बाजूला ठेवून चालत नाही.

रेंजर्सनी लांब मानेच्या कासवांची पिल्लंही पाळीव प्राण्यांच्या बाजारासाठी वाढवली. हे कासव अंडी चक्क पाण्याखालच्या चिखलात घालतं आणि कोरड्या दिवसात स्वतःला चिखलात गाडून घेतं, तिथं बायका काठीनं टोचून टोचून ते शोधतात. पण मोकाट डुकरं चिखल उकरून कासवं खातात, त्यामुळं कासव टिकवायचं म्हणजे आधी डुकरं आवरायला हवीत.

भारतात खाऱ्या पाण्यातल्या याच मगरीसाठी ओडिशाच्या भितरकनिकात १९७५ पासून अंडी गोळा करून पिल्लं वाढवली गेली, पण ती परत नदीत सोडायला, विकायला नाही. आपल्या १९७२ च्या वन्यजीव कायद्यात अशा व्यापाराला जागा नाही, त्यामुळं तिथल्या गावकऱ्याला मगरीची फक्त भीती मिळते, उत्पन्न नाही.

नुसत्या अंड्यांवर मॅनिंग्रिडासारखं गाव चालत नाही, हेही खरंय. हंगाम थोडा, वाहतूक महाग, कातड्याचा भाव फॅशनवर वरखाली होणारा, आणि रेंजर्सचे पगार बऱ्याच अंशी सरकारी योजनांतून येतात. त्यात पश्चिम आर्नहेम लँडमध्ये २००६ पासून आणखी एक कमाई जोडली गेली, कोरड्या ऋतूच्या सुरुवातीलाच ठिकठिकाणी छोटी आग लावून नंतरचे मोठे वणवे टाळायचे आणि त्यामुळं हवेत जायचा वाचलेल्या धुराचे, म्हणजे उत्सर्जनाचे, पैसे घ्यायचे. त्यामुळं डजेल्कचे रेंजर्स पाऊस थांबल्यावर याच जमिनीवर जाळपट्टे काढायच्या कामाला लागतात.