लाइट बँडचा रिपोर्ट कसा वाचावा आणि जॉब आमच्याकडे कधी आणावा

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, नावगे, काकती आणि होनगा भागातल्या कारखानदार मंडळींसाठी माहितीपत्रक

आम्ही जॉबची, म्हणजे मशीनवर केलेल्या भागाची, सपाटी आणि मशीनची अचूकता प्रकाशाने मोजून देतो. ड्रॉइंगवर ‘फ्लॅटनेस (सपाटी) २ लाइट बँड’ लिहिलेलं असतं. शॉपमध्ये जॉब ग्रॅनाइटच्या सपाट पाटावर ठेवून डायल गेज फिरवला तर काटा हलत नाही. माल जातो, आणि काही दिवसांनी पुण्याच्या नाहीतर बेंगळुरूच्या पार्टीकडून रिजेक्शनची मेल येते. ‘डायलवर शून्य दाखवतंय हो, मग नापास कसा?’ हा प्रश्न आमच्याकडे सगळ्यात जास्त वेळा येतो.

उत्तर सरळ आहे. २ लाइट बँड म्हणजे ०.५९ मायक्रॉन. शॉपमधल्या चांगल्या डायलचा सर्वांत लहान भाग १ मायक्रॉनचा असतो आणि ज्या ग्रॅनाइटवर तो फिरतो ते स्वतःच काही मायक्रॉन इकडेतिकडे असतं. ब्लू (निळा रंग) मारून बघितलं तर जॉब कुठे टेकतो ते कळतं, किती उचललेला आहे ते कळत नाही. इथून पुढे मोजायला प्रकाशच लागतो.

बँड म्हणजे नेमकं काय

पावसाळ्यात रस्त्यावर डिझेल सांडलं की पाण्यावर रंगांचे पट्टे उमटतात, ते सगळ्यांनी पाहिलेले आहेत. डिझेलच्या थराच्या वरून परतणारा प्रकाश आणि खालून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळतात. काही ठिकाणी दोघांच्या लाटा जुळतात आणि उजेड वाढतो, काही ठिकाणी त्या एकमेकींना खोडतात. आम्ही टेबलावर हेच करतो. फक्त डिझेलच्या जागी हवेचा पातळ थर असतो आणि प्रकाश एकाच रंगाचा असतो.

लॅप केलेल्या (बारीक पावडरीने घासून सपाट केलेल्या) जॉबवर ऑप्टिकल फ्लॅट, म्हणजे अगदी सपाट पारदर्शक चकती, ठेवायची. आमचा फ्लॅट फ्यूज्ड सिलिकाचा आहे आणि सुमारे ०.०६ मायक्रॉनच्या आत सपाट आहे. वर सोडियमचा दिवा. हा दिवा लावल्या लावल्या लालसर दिसतो, कारण आधी आतला निऑन पेटतो. पिवळा व्हायला काही मिनिटं लागतात, तेवढा वेळ आम्ही ग्राहकाला चहा देतो. पिवळ्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ५८९ नॅनोमीटर. प्रकाश हवेच्या फटीतून एकदा खाली जातो आणि एकदा वर येतो, त्यामुळे फट अर्ध्या तरंगलांबीने वाढली की पुढचा काळा पट्टा उमटतो. म्हणून एका बँडला ०.२९५ मायक्रॉन. पुष्कळ ड्रॉइंगवर ‘हीलियम लाइट बँड’ लिहिलेलं असतं. हीलियमची रेषा ५८७.६ नॅनोमीटरची आहे, फरक अर्ध्या टक्क्यापेक्षाही कमी, तेव्हा त्यावरून पार्टीशी वाद घालत बसू नका.

पट्टे मोजू नका, पट्टे बघा

सर्वांत मोठा गैरसमज इथेच आहे. फोटोत दहा पट्टे दिसले म्हणजे जॉब दहा बँड खराब, असं नाही. पट्टे किती दिसतात हे फ्लॅट जॉबवर किती तिरका टेकलाय यावर ठरतं. एका बाजूला जरा दाबला की पंधरा होतील, सैल सोडला की चार. जॉब तोच, सपाटीही तीच.

बघायचं ते पट्टे सरळ आहेत का. सगळे सरळ, एकमेकांना समांतर आणि सारख्या अंतरावर असतील तर पृष्ठभाग सपाट, मग ते चार असोत की चौदा. पट्टा वाकलेला असेल तर तो किती वाकलाय हे शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराशी ताडून बघायचं. दोन पट्ट्यांमध्ये ६ मिलिमीटर अंतर आहे आणि पट्टा मधोमध ३ मिलिमीटर बाहेर आलाय, तर तो अर्धा बँड, म्हणजे सुमारे ०.१५ मायक्रॉन. मेकॅनिकल सीलच्या (शाफ्टभोवती गळती अडवणाऱ्या) रिंगला मधे भोक असतं, तिथे पट्टा तुटतो. अशा वेळी एका पट्ट्याला मधोमध स्पर्श करणारी सरळ रेषा मनात आखायची आणि रिंगच्या दोन्ही टोकांपर्यंत जाताना ती किती पट्टे कापते ते मोजायचं. आम्ही रिपोर्टला जोडतो त्या फोटोवर ही रेषा लाल रंगात काढून देतो, कारण तुमच्या पार्टीचा क्वालिटीवालाही बऱ्याचदा पट्टेच मोजत बसतो.

कधी कधी पट्ट्यांऐवजी वर्तुळं दिसतात. मध्यापासून कडेपर्यंत जितकी वर्तुळं तितके बँड चढ किंवा उतार. चढ की उतार हे ओळखायची युक्ती सोपी आहे. फ्लॅटच्या कडेला बोटाने अगदी हलकं दाबा. वर्तुळांचा मध्य बोटाकडे सरकला तर जॉब मधे फुगलेला आहे, कारण फ्लॅट त्या उंचवट्यावर डोलतोय. खोलगट जॉबवर फ्लॅट कडांवर बसलेला असतो, तो डोलत नाही आणि मध्य जागेवर राहतो. हात न लावताही बघता येतं. सरळ वरून बघत असताना डोकं हळूहळू तिरकं न्या: फुगीर जॉबवर वर्तुळं बाहेर पसरतात, खोलगटावर आत आटतात. लॅपिंगवाल्याला हे दाखवलं की रिंगचा भार कुठे बदलायचा ते त्याला लगेच कळतं, आमच्या रिपोर्टची वाट बघावी लागत नाही.

हे इतकं बारीक का लागतं, असंही विचारतात. बेळगावात हायड्रॉलिक्सचं काम भरपूर आहे, म्हणून तिथलंच उदाहरण देतो. पंपाच्या पोर्ट प्लेटसारख्या दोन सपाट तोंडांमधल्या अरुंद फटीतून तेल गळतं तेव्हा गळती फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फट दुप्पट झाली की गळती आठपट. मायक्रॉनच्या हिशेबात ‘थोडंसं जास्त’ असं काही नसतं.

जॉब आणताना

तपासणीचा निकाल निम्मा तुमच्या हातात असतो, म्हणून हा भाग लांबला तरी वाचा.

मोजमापासाठी जगभर ठरलेलं तापमान २० अंश सेल्सिअस आहे. १०० मिलिमीटर व्यासाची, २० मिलिमीटर जाडीची पोलादी प्लेट घ्या. तिची वरची बाजू खालच्या बाजूपेक्षा फक्त १ अंशाने गरम असेल तर ती मधे सुमारे ०.७ मायक्रॉन फुगते. दोन बँडचा सगळा टॉलरन्स (चालणारी चूक) त्यातच संपला. म्हणून स्कूटरच्या डिकीतून काढलेला जॉब तसाच फ्लॅटखाली ठेवून ‘पटकन बघून द्या’ म्हटलं तर आम्ही नाही म्हणतो. राग मानू नका. आदल्या दिवशी संध्याकाळी आणून ठेवा, रात्रभर एसीच्या खोलीत राहू द्या, सकाळी बघू. तळहातावर धरलेल्या जॉबलाही हाच नियम. मोजण्याआधी तो ग्रॅनाइटवर पुन्हा निवत ठेवावा लागतो.

ग्राइंडिंगच्या मॅग्नेटिक चकवरून निघालेला जॉब डीमॅग्नेटाइज करून आणा, नाहीतर लोखंडाचा कीस चिकटून राहतो आणि फ्लॅटला ओरखडे काढतो. कडेची बर (उरलेली धारदार कोर) काढलेली हवी. तेल पुसलेलं असावं, पण गंज लागू देऊ नका: जून ते सप्टेंबर आपल्याकडे उघडा कास्ट आयर्न एका रात्रीत तांबूस होतो. गंजरोधक कागदात गुंडाळा. वर्तमानपत्रात अजिबात नको, शाई आणि ओल दोन्ही तोंडावर उतरतात.

नुसता लॅप केलेला करडा पृष्ठभाग प्रकाश विखुरतो, त्यावर पट्टे नीट उमटत नाहीत. तो थोडा चकचकीत करावा लागतो. मऊ कापडाच्या पॅडवर जास्त वेळ घासलं तर कड खाली बसते आणि नसलेला दोष रिपोर्टमध्ये येतो. पॉलिश आम्हालाच करू द्या, त्याचे वेगळे पैसे घेत नाही. आणि फ्लॅट आमच्या टेबलावर बघायला मिळाला तर जरूर बघा, पण जॉबवर घासून सरकवू नका.

व्हीएमसीचं लेझर कॅलिब्रेशन

दुसरं काम म्हणजे व्हीएमसीच्या, म्हणजे व्हर्टिकल मशीनिंग सेंटरच्या, अक्षांची अचूकता तपासणं. इथे ४०-५० नाही, लाखो पट्टे मोजावे लागतात, आणि ते डोळ्याने होत नाही. हीलियम-निऑन लेझरचा ६३२.८ नॅनोमीटरचा किरण दोन भागांत फुटतो. एक भाग जागच्या आरशावरून परततो, दुसरा मशीनच्या टेबलावर बसवलेल्या आरशावरून. टेबल अर्ध्या तरंगलांबीइतकं सरकलं की उजेड-अंधाराचा एक फेरा पूर्ण. फोटोडायोड हा उजेड विजेच्या सिग्नलमध्ये बदलतो. सेन्सर एकच असेल तर टेबल पुढे जातंय की मागे हे कळणार नाही, म्हणून पाव फेऱ्याच्या फरकाने दोन सिग्नल घेतात. कुठला आधी चढतो यावरून दिशा ठरते. तुमच्या मशीनच्या काचेच्या स्केलमध्येही असेच दोन सिग्नल असतात, तिथे फक्त लाटेच्या जागी बहुधा २० मायक्रॉनच्या रेघा असतात. कूलंटची वाफ त्या काचेवर बसली की सिग्नल मंदावतो आणि स्केलचा अलार्म येतो. कार्ड बदलायच्या आधी स्केलला दिलेली हवा कोरडी आहे का ते बघा.

आता बेळगावची खास गोष्ट. आपण समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर आहोत. इथे हवेचा दाब ९२५ हेक्टोपास्कलच्या आसपास असतो, समुद्रकाठी तो १०१३. हवा विरळ, म्हणून लेझरची तरंगलांबी इथे किंचित लांब. सॉफ्टवेअरमध्ये कुणी १०१३ तसाच ठेवला तर प्रत्येक मीटरमागे सुमारे २४ मायक्रॉन कमी दाखवले जातात. मशीन बरोबर असतं, आणि त्यात चुकीची दुरुस्ती भरली जाते. बाहेरून कॅलिब्रेशनला आलेल्या माणसाला पहिला प्रश्न हाच विचारा: दाब कुठला टाकलाय? आमच्याकडच्या युनिटला दाब आणि तापमानाचे सेन्सर जोडलेले असतात, तरी सुरू करण्याआधी आम्ही आकडा तुम्हाला दाखवतो.

हवेचं तापमान १ अंशाने चुकलं तर मीटरमागे १ मायक्रॉनचा फरक. पोलादाचं तापमान १ अंशाने चुकलं तर तब्बल ११-१२ मायक्रॉन. म्हणजे मशीनच्या बेडवर चिकटवलेला सेन्सर हवेतल्या सेन्सरपेक्षा जास्त महत्त्वाचा. पावसाळ्यात लोक दमट हवेची फार काळजी करतात, पण आर्द्रता ५० टक्क्यांनी बदलली तरी मोजमापात मीटरमागे अर्ध्या मायक्रॉनच्या आसपासच फरक पडतो. किरण अक्षाशी नीट जुळवलेला नसेल तर वाचन नेहमी कमीच येतं. मीटरला १ मिलिमीटर तिरकेपणा असेल तर अर्धा मायक्रॉन, पण १० मिलिमीटर असेल तर ५० मायक्रॉन. जुळवणीला आमचा माणूस वेळ लावतो तो याचसाठी.

हे तत्त्व नवीन नाही. मायकेल्सन यांनी १८८७ मध्ये मॉर्ली यांच्यासोबत असाच फुटलेला किरण वापरून प्रयोग केला. १९६० ते १९८३ या काळात तर मीटरची व्याख्याच क्रिप्टॉनच्या प्रकाशाच्या १६,५०,७६३.७३ तरंगलांब्या अशी होती. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ लायगोची गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा मंजूर झाली आहे, तीसुद्धा मुळात हेच उपकरण, फक्त तिच्या भुजा ४ किलोमीटरच्या. आपल्या व्हीएमसीला तेवढं लागत नाही.

आमच्याकडे काय नाही

खडबडीतपणाचा त्रिमितीय नकाशा देणारं व्हाइट लाइट इंटरफेरोमीटर आमच्याकडे नाही. पांढऱ्या प्रकाशाचे पट्टे दोन्ही वाटा जवळजवळ सारख्या असतील तेव्हाच उमटतात, त्यामुळे प्रत्येक बिंदूची उंची स्वतंत्रपणे कळते आणि पायरी मोठी असली तरी गोंधळ होत नाही. एका रंगाच्या प्रकाशाची तीच अडचण आहे: अचानक आलेली पायरी एक बँडाची की चार बँडांची, हे नुसत्या पट्ट्यांवरून सांगता येत नाही. असं काम असेल तर आम्ही जॉब बाहेरच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवतो आणि त्यांचं बिल जसंच्या तसं देतो. त्या मशीनला दाखवायचा जॉब तेलाने पुसलेला नको. तेलाचा पातळ थर पारदर्शक असतो आणि मशीन त्यालाच पृष्ठभाग समजू शकतं.

आणि टॉलरन्स ५ मायक्रॉनपेक्षा सैल असेल तर आमच्याकडे येऊच नका. चांगलं ग्रॅनाइट, नीट कॅलिब्रेट केलेला डायल आणि स्लिप गेज (ठरावीक जाडीचे ठोकळे) एवढ्यावर तुमचं काम तुमच्याच शॉपमध्ये होतं. स्पूलचा व्यास, बोअरची गोलाई यांसाठीही ऑप्टिकल फ्लॅट कामाचा नाही, तो फक्त सपाट तोंडासाठी आहे.

सोबत चलन आणि ड्रॉइंगची झेरॉक्स पाठवा. कुठलं तोंड तपासायचं त्यावर पेनने खूण करा, जॉबवर मार्करने नको. रिपोर्ट इंग्रजीत निघतो, कारण पार्ट्या तोच मागतात. समजावून मात्र मराठीत किंवा कन्नडमध्ये, ज्याला जे सोयीचं त्यात सांगू. लॅपिंगवाल्यालाही सोबत पाठवलंत तर उत्तम, फ्लॅटखालचे पट्टे त्याने एकदा स्वतः बघितले की पुढच्या लॉटला फरक पडतो.