कौटुंबिक उपासना

ख्रिस्ती घरातल्या माणसांनी दिवसातून एकदा एकत्र बसून करायचे गायन, बायबलवाचन व प्रार्थना. बोलण्यात तिला ‘घरची प्रार्थना’ म्हणतात. संसारातले समाधान हे तिचे फळ मानले जाते. मात्र ते आपोआप येत नाही. असेल त्या स्थितीत संतुष्ट राहायला आपण ‘शिकलो’, असे येशूचा प्रेषित पौल बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्रात (अध्याय ४, वचन ११) लिहितो, आणि तेही कैदेतून. शिकायची गोष्ट म्हटली की रोजचा सराव आला.

ही नोंद विदर्भातल्या शेतकरी ख्रिस्ती घरांविषयी आहे. तिथल्या नागपूर-कामठी भागात स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ साली आले. उत्तर भारतातील अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या (चर्चसंस्था) एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले तेही नागपुरातच, १९७० मध्ये. कॅथलिक घरांत घरच्या प्रार्थनेच्या वेळेला रोझरी, म्हणजे मरियेची जपमाळ, म्हणतात : पाच दशके (दहा-दहा मण्यांचे भाग), दर दशकात १० वेळा ‘नमो मरिया’ ही प्रार्थना.

वेळ वावरातून परतल्यावर, हातपाय धुऊन, जेवणाआधीची बरी. जेवणानंतर ठेवली की दिवसभर कापूस वेचलेल्या बाईचे डोळे मिटतात. १५ ते २० मिनिटे पुरतात. एका गीताची दोन-तीन कडवी, मग बायबलची १०-१५ वचने, प्रत्येकाने पाळीपाळीने एकेक. वाचता न येणाऱ्या आजीला २३ वे स्तोत्र बहुधा पाठ असते, तिच्या पाळीला तेच. प्रार्थना लेकरांपासून सुरू करावी, एका वाक्याची का असेना. आधी उपकारस्तुती, मग क्षमा, मागणे शेवटी. अखेरीस सर्वांनी मिळून प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेली.

क्षमेचा भाग सर्वांत अवघड. ‘सूर्य मावळण्यापूर्वी राग सोडा’ (इफिसकरांस पत्र ४:२६) हे वचन सगळ्यांना ठाऊक असते, पण दुपारी धुऱ्यावर भांडलेल्या नवराबायकोला एकमेकांसमोर तोंड उघडवत नाही. इथेच उपासना बिघडते. ‘प्रभू, हिला शहाणपण दे’ ही प्रार्थना नव्हे, टोमणा आहे. म्हणून चूक सांगायची ती फक्त स्वतःची, ‘मी’ने सुरू होणाऱ्या वाक्यात. दुसरा बिघाड घरधन्याच्या प्रवचनाचा : वाचनावर तो बोलू लागला की पोरे जांभया देतात. जूनमधल्या पेरणीत आणि दिवाळीनंतरच्या वेचणीत खंड पडतो. तेव्हा पाच मिनिटांवर आणावी, मोडू नये.

समाधान मोडते ते बहुधा पैशावरून. दशांशाचाच, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देवाला देण्याचा, वाद घ्या. सोयाबीन १० क्विंटल झाले तर एक क्विंटल द्यायचे, की बी, खत, मजुरीत सहा क्विंटलांची किंमत गेली म्हणून उरलेल्या चारांवर ४० किलो? दोन्ही पद्धती चालतात. भांडण होते ते माल विकून झाल्यावर ठरवायला बसल्यामुळे. माल बाजारात जाण्याआधीच दोघांनी ठरवावे आणि त्याच बैठकीत पीककर्ज, दुकानदाराची उधारी, पोरांची फी मांडावी. बायकोपासून लपवलेले सावकाराचे कर्ज हंगामाअखेर बाहेर येतेच, आणि मग रकमेपेक्षा लपवणे जास्त लागते. उसनवारी करून दशांश देऊ नये. दान खुशीचे असावे, असेच करिंथकरांस दुसरे पत्र (९:७) सांगते.

समाधानाचा अर्थ सोसणे असा लावणे ही घातक चूक. बायकोला ‘पतीच्या अधीन’ (इफिस ५:२२) वाचून दाखवणारे त्याच्या अलीकडचे ‘एकमेकांच्या अधीन’ आणि पलीकडचे, पतीने पत्नीसाठी जीव द्यावा असे सांगणारे वचन गाळतात. वर्धा, गडचिरोलीत दारूबंदी असूनही दारू घरात येते. मारहाण असेल तिथे प्रार्थनेबरोबर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली तक्रारही करावी. अशी तक्रार म्हणजे देवावरचा अविश्वास असे समजू नये.

घरात एकटी सूनच ख्रिस्ती असेल तर मोठ्याने उपासनेचा आग्रह उलटतो. नवरा नांदवायला राजी असेल तर तिने त्याला सोडू नये, असे पौल सांगतो (१ करिंथ ७:१३). अशा घरात चुलीपाशी भाकर थापता थापता मनातल्या मनात म्हटलेले स्तोत्रही उपासनाच धरतात.