नेकचंद सैनी

नेकचंद सैनी : (१५ डिसेंबर १९२४ – १२ जून २०१५). चंडीगढच्या ‘रॉक गार्डन’चे निर्माते, भारतीय शिल्पकार. जन्म तत्कालीन गुरदासपूर जिल्ह्यातील बेरियाँ कलाँ (शकरगढ तालुका, आता पाकिस्तान) येथे. शिक्षण मॅट्रिकपर्यंत, कलाशिक्षण नाही. १९४७ च्या फाळणीत गाव सुटले. चंडीगढ उभे राहत असताना ते तेथील सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक झाले.

बागेचा आरंभकाळ वादग्रस्त आहे. बहुधा १९५७ किंवा १९५८ हे साल दिले जाते. काहींच्या मते प्रत्यक्ष मांडणी १९६५ च्या सुमाराची. दोन्हींत विरोध मानण्याचे कारण दिसत नाही : नव्या शहरासाठी उठवलेल्या गावांचा राडारोडा आणि शिवालिकच्या पायथ्याच्या ओढ्यांतले दगड सायकलवरून आणून साठवणे आधीचे, तर सुखना तलावाजवळच्या संरक्षित वनातील घळीत शिल्पे मांडणे नंतरचे असावे. तेथे बांधकामास मनाई असल्याने काम नोकरीची वेळ संपल्यावर, गुपचूप चाले. प्रशासनाला बाग कधी सापडली याबाबतही १९७२ ते १९७५ अशी साले आढळतात. मुख्य वास्तुविशारद एम. एन. शर्मा यांना ती त्याआधीच ठाऊक होती, असे सांगितले जाते. ते खरे असल्यास ‘सापडली’ हा शब्द जपूनच वापरावा लागेल. १९७६ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. नेकचंद यांना बागेच्याच कामावर नेमून सु. ५० मजूर दिले गेले.

‘स्वशिक्षित’ हे विशेषण त्यांच्या मूर्तिकलेपुरते खरे आहे; सिमेंट-काँक्रीटचे ज्ञान मात्र नोकरीतले. लोखंडी पाइप, सळ्या, सायकलचे सुटे भाग यांचा सांगाडा, त्यावर काँक्रीट, वरून निव्वळ सिमेंटचा हात आणि तो ओला असतानाच दाबून बसवलेल्या बांगड्यांच्या काचा, कपबश्यांचे नि फरशांचे तुकडे, अशी त्यांची रीत. एकसारख्या आकृत्यांच्या रांगा दुरून सैन्यासारख्या वाटतात. जवळ गेल्यावर प्रत्येकीचा चेहरा निराळा निघतो. ओढ्यांतल्या दगडांना मात्र त्यांनी छिन्नी लावली नाही. पाण्याने दिलेल्या आकारातच त्यांना माणसे व पशुपक्षी दिसत. त्यांची खरी प्रतिभा या निवडीत आहे. वाटेवरच्या ठेंगण्या कमानींतून वाकूनच आत जावे लागते.

पाश्चात्त्य समीक्षक त्यांना ‘आर ब्रूत’ (कलाशिक्षण न घेतलेल्या, प्रस्थापित कलाजगताबाहेरच्या व्यक्तींची कला) परंपरेत बसवतात. पगारी पद आणि हाताखाली मजूर असलेल्या उत्तरकाळाला ही संज्ञा नीट लागू पडत नाही. एकांतातल्या पहिल्या पर्वापुरती ती मान्य व्हावी.

पद्मश्री (१९८४). वॉशिंग्टन येथील बालसंग्रहालयासाठी त्यांनी उद्यान रचले (१९८६). शिबॉयगन (विस्कॉन्सिन) येथील जॉन मायकेल कोलर कला केंद्रात त्यांच्या शिल्पांचा मोठा संग्रह आहे. मूळ बाग सु. ४० एकरांवर पसरली आहे. १९९६ मध्ये ते परदेशी असताना तेथे मोडतोड झाली. २०२५ मध्ये उच्च न्यायालयालगतचा रस्ता रुंद करण्यासाठी बागेच्या भिंतीचा काही भाग पाडला गेला. त्याला नागरिकांनी विरोध केला.