बुडोंगोचे हातवारे आणि तारेची फासकी

कोकणात वानर आहेत, केलडी आहेत; चिंपांझी नाहीत. तरी कॅथरिन होबेटर यांचं युगांडातल्या चिंपांझींच्या हातवाऱ्यांवरचं काम इथल्या माणसाला चटकन कळेल, कारण त्याची एक बाजू तारेच्या फासकीशी येऊन भिडते.

आधीचा इतिहास उलट्या दिशेचा. चिंपांझीला माणसाची भाषा शिकवायची, एवढाच नाद. 1947 मध्ये हेज दांपत्याने विकी या चिंपांझीच्या पिलाला घरात वाढवलं. बरीच वर्षं घासूनही ती जेमतेम चार शब्द बोलली. 1966 पासून गार्डनर दांपत्याने वॉशूला मूकबधिरांच्या खुणा शिकवल्या, तिने शंभरावर उचलल्या. 1979 मध्ये हर्बर्ट टेरेस यांनी खुणा शिकवलेल्या निम या चिंपांझीच्या चित्रफिती बारकाईने तपासल्या, तर पुष्कळ खुणा समोरच्या शिक्षकाची नक्कल निघाल्या. या धबडग्यात चिंपांझी आपापसांत काय सांगतात, हे विचारायचं राहूनच गेलं.

ते उत्तर जंगलातच मिळणार होतं. संशोधक व्हर्नन रेनॉल्ड्स 1962 मध्ये युगांडातल्या बुडोंगोच्या जंगलात गेले होते. 1990 मध्ये तिथे कायमचं संशोधन केंद्र उभं राहिलं. सेंट अँड्र्यूज विद्यापीठाच्या होबेटर यांनी रिचर्ड बर्न यांच्यासोबत तिथल्या सोन्सो टोळीचे हातवारे टिपले. नियम कडक. नुसता हात हलला म्हणजे खूण नव्हे. करणाऱ्याने समोरच्याचं लक्ष आहे का ते पाहिलं पाहिजे, उत्तरासाठी थांबलं पाहिजे, दाद मिळाली नाही तर पुन्हा केलं पाहिजे. अर्थ ठरतो तो शेवटावरून: काय झाल्यावर खूण करणारा थांबला? कॅमेरा आधीपासून चालू हवा. खूण दिसल्यावर बटण दाबलं तर सुरुवात हातची जाते आणि नोंद कुचकामी ठरते. 2014 मध्ये छापलेल्या निष्कर्षात साडेचार हजारांवर नोंदींतून 66 खुणा आणि 19 अर्थ निघाले. दातांनी पानाचे तुकडे पाडणं म्हणजे प्रणयाचं आमंत्रण. मोठ्याने, लांब ओढून अंग खाजवणं म्हणजे ‘चल, केस विंचरू एकमेकांचे’.

आणि याच टोळीत टिंका होता. फासकीच्या जखमांनी त्याचे दोन्ही हात जवळजवळ लुळे. पाठ खाजवायला तो वाढती वेल ताणून धरी आणि अंग तिच्यावर डावी-उजवीकडे घाशी, आपण टॉवेलने पाठ पुसतो तसं. हातापायांनी धड असलेल्या सात तरुण चिंपांझींनीही ही पद्धत उचलली. 2010 मधली ही नोंद नकलेच्या अभ्यासात महत्त्वाची ठरली. टिंकाच्या हातांची ही गत झाली ती मात्र फासकीने.

बुडोंगोत फासकी छोट्या हरणांसाठी आणि रानडुकरांसाठी लावतात. चिंपांझीच्या अंगात ती तोडून निघायची ताकद असते, पण फास मनगटावरच राहतो. ओढावं तितका आवळतो, रक्त थांबतं, बोटं किंवा अख्खा पंजा सडतो. टोळीत अशा जखमा सर्रास दिसतात. केंद्राची माणसं जंगल पिंजून तारा काढतात. शिकार सोडणाऱ्यांना शेळ्या देण्याचीही योजना झाली.

आपल्याकडे दगडी गडग्याच्या खिंडारात दुचाकीच्या क्लच वायरची फासकी लागते, डुकरासाठीच. अडकतो बिबट्या, बहुधा कमरेत. सुटायच्या धडपडीत तार पोटात रुतते, आतले अवयव फाटतात, म्हणून बेशुद्ध करून तार कापली तरी पुष्कळदा तो वाचत नाही. शिवाय फासकी लावणं गुन्हा, त्यामुळे लावणारा कळवत नाही. वन विभागाला खबर लागते ती गुरगुर ऐकून कुणीतरी वाकून पाहिल्यावर.