उबेवर जगणारी पाल

अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये सरपटणारे प्राणी विकणाऱ्या दुकानात गेलात, तर काचेच्या पेटीत हमखास दिसते ती लेपर्ड गेको, म्हणजे बिबट्या पाल. पिवळसर अंगावर काळे ठिपके, गुबगुबीत शेपूट, आणि चेहरा कायम हसरा. मूळची ती आपल्याच उपखंडातली. अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि लगतच्या वायव्य भारतातल्या रखरखीत, खडकाळ उतारांवर ती राहते. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचं काम पाहणाऱ्या एडवर्ड ब्लिथ यांनी १८५४ साली तिचं शास्त्रीय वर्णन केलं. आज परदेशातल्या घरांत दिसणाऱ्या बहुतेक बिबट्या पाली मात्र पिढ्यानपिढ्या पेटीतच जन्मलेल्या आहेत.

आपल्या भिंतीवरच्या पालीशी तिचं नातं आहे, पण घडण बरीच वेगळी. भिंतीवरची पाल छताला उलटी चालते ती बोटांखालच्या लक्षावधी सूक्ष्म केसांमुळे. हे केस पृष्ठभागाच्या इतके जवळ जातात की रेणूंमधली क्षीण ओढसुद्धा तिचं वजन पेलायला पुरते. बिबट्या पालीला हे केस नाहीत, साध्या नख्या आहेत, त्यामुळे गुळगुळीत काच तिला चढता येत नाही. शिवाय तिला पापण्या आहेत. भिंतीवरच्या पालीला डोळा मिटताच येत नाही, ती तो जिभेनं पुसते. ही मात्र चक्क डोळे मिटून झोपते.

माझ्या भाच्याकडे अशी एक पाल आहे. संध्याकाळी पेटीत रातकिडा सोडला की ती आधी फक्त मान वळवते. मग एकेक पाऊल इतकं जपून टाकते की हालचाल जाणवतही नाही. अगदी जवळ गेल्यावर शेपटीचं टोक थरथरायला लागतं आणि पुढच्याच क्षणी रातकिडा जबड्यात असतो. हे बघताना मुलं खुळावतात, आणि त्यात नवल नाही. पण तो रातकिडा पोटात गेल्यानंतर जे घडतं, त्यावरच पाल जगणार की नाही हे ठरतं.

आपण अन्न जाळून अंगात ऊब तयार करतो. पाल ती बाहेरून घेते. अन्न पचवणारी विकरं, आजाराशी लढणाऱ्या पेशी, स्नायू या सगळ्यांचा वेग अंगाच्या तापमानावर ठरतो. म्हणून खाऊन झालं की ती तापलेल्या दगडावर पोट टेकून पडते. थंड जागी पडून राहावं लागलं तर अन्न पोटात तसंच राहतं, कुजतं आणि ती ते ओकून टाकते. पेटीची एक बाजू ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि दुसरी २५ अंशांच्या आसपास ठेवायची ती यासाठीच. कधी कुठं जायचं हे तिचं तिला कळतं, पण निवड करायला दोन्ही टोकं हवीत. तापमान मोजायचं ते तिच्या पोटाखालच्या फरशीचं. पेटीखाली तापणारी हीट मॅट असेल तर तापमान आवरणारा थर्मोस्टॅट लावायलाच हवा, नाहीतर पोट भाजतं.

दुसरी गोष्ट हाडांची. रातकिडे आणि मीलवर्म नावाच्या अळ्या यांत फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम फारच थोडं. रक्तातलं कॅल्शियम कमी झालं की पॅराथायरॉइड ग्रंथींचं संप्रेरक ते हाडांतून ओढून घेतं. काही महिन्यांत जबडा रबरासारखा मऊ पडतो, पाय वाकतात, चालताना अंग थरथरतं. मुलांना मुडदूस होतो, त्यातलाच हा प्रकार. म्हणून किड्यांना आधी पौष्टिक पाला खाऊ घालायचा, मग त्यांवर कॅल्शियमची पूड भुरभुरायची, आणि ते कॅल्शियम अंगी लागावं म्हणून ड जीवनसत्त्वही द्यायचं. ही पाल निशाचर, तिला ड जीवनसत्त्वासाठी अतिनील दिवा कशाला, असं पूर्वी म्हणत. आता मंद अतिनील दिवा लावण्याकडे कल आहे आणि मला तो योग्य वाटतो, कारण रानातही दिवस कलताना आणि उजाडताना ती बाहेर पडते.

कात टाकताना तिला ओलावा लागतो. ओलसर शेवाळ घातलेली एक बंद डबी पेटीत असली की काम भागतं. अंग पांढुरकं दिसू लागलं की ती त्या डबीत शिरते, तोंडानं कात ओढून काढते आणि खाऊन टाकते. बोटांवर राहिलेला तुकडा मात्र सुकून आवळत जातो, रक्तपुरवठा तुटतो आणि बोट झडतं. कोमट पाण्यात पाय भिजवून तो तुकडा हलकेच सोडवायचा.

शेपटीत तिची चरबीची शिदोरी असते, म्हणून शेपूट बारीक होऊ लागली की डॉक्टर गाठावा. शेपटीला धरून तर कधीच उचलू नये. मणक्यांत तुटण्याच्या जागा आधीच ठरलेल्या असतात. नवी शेपूट येते, पण तिच्यात हाडाऐवजी कूर्चा असते आणि आकार बेढब होतो.

उबेचं राज्य तर अंड्यापासूनच सुरू होतं. यांच्यात नर-मादी गुणसूत्रांवर ठरत नाही. अंडी २६ अंशांना उबवली तर जवळजवळ सगळ्या माद्या निघतात, साडेबत्तीसच्या आसपास बहुतेक नर, आणि ३४-३५ ला पुन्हा माद्या. टेक्सास विद्यापीठात डेव्हिड क्रूज यांनी याचा अभ्यास केला. जास्त उबेत वाढलेल्या माद्या स्वभावानंही जास्त आक्रमक निघतात, असं त्यांना दिसलं.

रंगांच्या हौसेबद्दल मात्र स्पष्टच सांगायला हवं. लेमन फ्रॉस्ट नावाचा झळझळीत लिंबू-पांढरा वाण निघाला आणि त्याला मोठी किंमत मिळू लागली. मग त्यातल्या बहुतेक पालींच्या अंगावर गाठी येऊ लागल्या. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात लिओनिड क्रुग्ल्याक यांच्या चमूनं २०२१ साली त्याचं मूळ स्पिंट-१ या जनुकाशी जोडलं. पांढरा रंग देणाऱ्या पेशीच बेसुमार वाढत होत्या, म्हणजे रंग आणि अर्बुद यांचं कारण एकच. असा वाण मुद्दाम पैदास करून विकणं आणि विकत घेणं, दोन्ही मला चूक वाटतं.

घरच्यांच्या तब्येतीचाही विचार हवा. धडधाकट दिसणाऱ्या पालीच्या आतड्यातही साल्मोनेला हा माणसाला आजारी पाडणारा जंतू असू शकतो. पाच वर्षांखालची मुलं असलेल्या घरी सरपटणारे प्राणी ठेवू नयेत, असा अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेचा सल्ला आहे. हाताळल्यावर साबणानं हात धुवायचे आणि पेटीतली भांडी स्वयंपाकाच्या सिंकमध्ये न्यायची नाहीत. शिवाय ही पाल पंधरा-वीस वर्षं जगते. दहा वर्षांच्या मुलानं हट्टानं आणलेली पाल तो कॉलेजला गेल्यावर आईबाबांनाच सांभाळावी लागते, याचा हिशेब आधी करावा.

आपल्याकडेही तिच्या बहिणी आहेत. गुजरात-महाराष्ट्रात एक जात आढळते, आणि सातपुड्यातून आणखी एका जातीचं वर्णन २०१४ साली प्रसिद्ध झालं. पाल अन्नात पडली की विष पसरतं, या समजापायी अशी कितीतरी जनावरं मारली जातात. खरं तर भारतातली एकही पाल विषारी नाही. त्यांना रानातून उचलून घरी आणणं हाही त्यांचा घातच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तुरुंगवासाची तरतूद आहे ती उगाच नाही. पालीचं वागणं बघायची खरी ओढ असेल तर ट्यूबलाइटजवळची पाल पुरेशी आहे. तिच्या पोटाच्या कातडीतून दोन पांढरी अंडी स्पष्ट दिसतात, आणि डिसेंबरच्या गारठ्यात ती फारशी का दिसत नाही, याचं उत्तर आता तुम्हाला ठाऊक आहे.