गोळी सुटल्याचा त्रास की परतलेलं नैराश्य?

डिप्रेशनची गोळी कमी केली किंवा बंद केली, आणि आठवडाभरात झोप उडाली, कारण नसताना रडू यायला लागलं, छातीत धडधड सुरू झाली, की घरातले लगेच म्हणतात, "बघ, परत सुरू झालं. गोळी बंद करायलाच नको होती." कधी ते खरं असतं. पण बऱ्याचदा आजार परतलेला नसतो. मेंदूने ज्या औषधाशी जुळवून घेतलं होतं ते फार लवकर कमी झालं, त्याचा तो परिणाम असतो. पहिल्या प्रकाराला डॉक्टर रिलॅप्स म्हणतात, दुसऱ्याला विथड्रॉवल. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, त्यामुळे गल्लत महागात पडते. विथड्रॉवलला रिलॅप्स समजलं तर माणूस गरज संपल्यावरही वर्षानुवर्षं गोळी घेत राहतो, शिवाय "आपण गोळीशिवाय जगूच शकत नाही" असं मनाशी धरून बसतो. उलट गल्लत त्याहून धोक्याची आहे. नैराश्य खरोखर परतलेलं असताना "गोळीचा त्रास आहे, जाईल आपोआप" म्हणत महिने काढले जातात.

आधी तारखा बघा

सगळ्यात उपयोगी प्रश्न एकच: डोस शेवटचा कधी बदलला आणि पहिलं लक्षण कधी आलं?

विथड्रॉवल साधारणपणे डोस कमी केल्यापासून दोन ते पाच दिवसांत सुरू होतं. रिलॅप्स सहसा इतक्या घाईने येत नाही. तो काही आठवड्यांत किंवा महिन्यांत हळूहळू चढतो. चांगलं चाललेलं असताना गोळी थांबवली आणि तिसऱ्याच दिवशी सगळं बिघडलं, तर संशय आधी विथड्रॉवलवर घ्यायचा. गोळी थांबवून चार महिने छान गेले आणि मग मन उतरत गेलं, तर आधी रिलॅप्सचा विचार करायचा.

पण तारीख वाचताना औषध कोणतं हेही बघावं लागतं. व्हेन्लाफॅक्सिन रक्तात सुमारे पाच तासांत निम्म्यावर येतं आणि शरीरात त्यापासून तयार होणारं क्रियाशील रसायन सुमारे अकरा तासांत. म्हणून ही गोळी घेणाऱ्या काहींना रोजच्या वेळेपेक्षा अर्धा दिवस उशीर झाला तरी गरगरतं. पॅरॉक्सेटिनला निम्म्यावर यायला साधारण एक दिवस लागतो, सर्ट्रालिन आणि एस्सिटॅलोप्रॅमला त्याहून थोडा जास्त. फ्लुऑक्सेटिनची गोष्ट अगदी निराळी आहे. ते स्वतः काही दिवस टिकतं आणि त्यापासून बनणारं नॉरफ्लुऑक्सेटिन आठवडा-दोन आठवडे. त्यामुळे फ्लुऑक्सेटिन थांबवल्यावरचा त्रास बहुधा सौम्य असतो, पण तो तीन-चार आठवड्यांनीही डोकं वर काढू शकतो. तोवर गोळीचा विषय मागे पडलेला असतो आणि सगळे आजारालाच दोष देतात. तारखेचा नियम फसतो तो मुख्यतः इथे.

गोळी नियमित चालू असतानाच्या काळातही एक खूण सापडते. एखादा डोस चुकला की दुसऱ्या दिवशी डोकं हलकं होणं, चिडचिड, विचित्र स्वप्नं असं व्हायचं का? होत असेल, तर थांबवतानाही त्रास होण्याची शक्यता जास्त धरून चालावं. बरीच वर्षं गोळी घेतलेली असणं आणि आधीचा थांबवण्याचा प्रयत्न फसलेला असणं, याही तशाच सूचना आहेत.

शरीर जे सांगतं ते नैराश्य सांगत नाही

विथड्रॉवलमध्ये शरीराची लक्षणं ठळक असतात: गरगरणं, चालताना तोल जाणं, मळमळ, घाम, फ्लू आल्यासारखं अंग दुखणं, हातापायांना मुंग्या, भडक आणि खरी वाटणारी स्वप्नं. मिर्टाझापिन थांबवताना मळमळ आणि झोप उडण्याबरोबर अंगाला खाजही सुटू शकते. इमिप्रामीन किंवा अमिट्रिप्टिलिनसारख्या जुन्या ट्रायसायक्लिक गोळ्यांमध्ये पोट बिघडणं आणि घाम जास्त दिसतो.

सगळ्यात ओळखीचं लक्षण म्हणजे डोक्यातला करंट, ज्याला ब्रेन झॅप म्हणतात. क्षणभर, सेकंदाहूनही कमी वेळ, डोक्याच्या आत विजेचा बारीक झटका बसल्यासारखं होतं. कधी एकटा, कधी पाठोपाठ चार-पाच. मान न हलवता नुसते डोळे झटकन डावीकडून उजवीकडे फिरवले तरी तो येतो, हे अनेकजण अचूक सांगतात. काहींना त्याच वेळी कानात "सूं" असा आवाज येतो. अनुभव घाबरवणारा असतो, पण एकट्या या लक्षणाने मेंदूला इजा होत असल्याचं दिसलेलं नाही. निदानासाठी मात्र ते सोन्यासारखं आहे, कारण नैराश्य असे झटके देत नाही. रडू, चिंता आणि निद्रानाश यांच्या जोडीला करंट आणि गरगर असेल, तर कल स्पष्टपणे विथड्रॉवलकडे जातो.

मनाची लक्षणं: इथे खरा घोळ

विथड्रॉवल फक्त शरीराचं असतं तर हा लेख लिहावाच लागला नसता. चिंता, चिडचिड, अचानक येणारं रडू, उदासी, क्वचित आत्महत्येचे विचारसुद्धा त्यातून येऊ शकतात. मग ओळखायचं कसं?

आधी हे बघा, की लक्षण ओळखीचं आहे की नवं. बहुतेकांच्या नैराश्याला स्वतःची एक ठरलेली चाल असते. कुणाला पहाटे चारला जाग येते, कुणी फोन उचलणं बंद करतं, कुणाला आंघोळीचाही कंटाळा येतो, कुणाच्या डोक्यात जुन्या अपराधाची उजळणी सुरू होते. रिलॅप्स सहसा त्याच वाटेने येतो. पूर्वी कधी पॅनिक अटॅक आला नव्हता आणि डोस कमी केल्यावर पाचव्या दिवशी आला, किंवा शांत स्वभावाच्या माणसाला क्षुल्लक गोष्टीवरून संतापाचे झटके येऊ लागले, तर ते त्याच्या जुन्या आजाराचं रूप नाही.

दुसरं, चढउतार. विथड्रॉवल लाटांसारखं येतं: सकाळ भयंकर, दुपार बरी, दोन दिवस ठीक, मग पुन्हा एक वाईट दिवस. नैराश्याच्या निदानासाठी किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ मन उतरलेलं असणं किंवा कशातच रस न उरणं धरलं जातं. मधल्या बऱ्या तासांत आवडीचं काम पुन्हा आवडतंय का, हा प्रश्न स्वतःला विचारा. विथड्रॉवलमध्ये बऱ्याचदा आवडतं. नैराश्यात आवडच विझलेली असते.

एका सापळ्याबद्दल थोडं सविस्तर सांगणं गरजेचं आहे. नैराश्य मोजायला दवाखान्यात पीएचक्यू-9 ही प्रश्नावली सर्रास वापरतात. नऊ प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 3 गुण, एकूण 27, आणि 10 पासून पुढे मध्यम नैराश्य मानतात. आता त्यातले पाच प्रश्न बघा: झोप, थकवा, भूक, एकाग्रता, अस्वस्थ हालचाल. विथड्रॉवल हे पाचही बिघडवतं. पाच प्रश्नांना प्रत्येकी 2 गुण मिळाले की बेरीज 10. म्हणजे उदासी, निराशा किंवा अपराधी भाव तिळमात्र नसतानाही कागदावर मध्यम नैराश्य तयार! गोळी कमी करण्याच्या काळात म्हणूनच एकूण आकड्यावर जाऊ नये. रस उडणं, उदासी, स्वतःबद्दलची अपयशाची भावना आणि मरणाचे विचार, या चार उत्तरांकडे वेगळं बघायला हवं, आणि डॉक्टर बघत नसतील तर त्यांना तसं सांगायलाही हवं.

डोस परत वाढवल्यावर काय होतं

डॉक्टरांनी आधीचा डोस पुन्हा सुरू केला आणि एक ते तीन दिवसांत आराम पडला, तर ते विथड्रॉवलच होतं असं बऱ्याच खात्रीने म्हणता येतं. परतलेल्या नैराश्यावर त्याच गोळीचा असर दिसायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. मात्र गोळी थांबवून बरेच आठवडे उलटले असतील तर ही कसोटी तितकी भरवशाची राहत नाही.

इथेच आणखी एक चुकीचा निष्कर्ष निघतो. गोळी परत घेतली, लगेच बरं वाटलं, म्हणजे गोळीची गरज आहे, असं लोक म्हणतात. खरं तर पटकन बरं वाटण्यातून एवढंच कळतं की डोस फार झपाट्याने खाली आणला होता. आणि हे व्यसनही नाही. व्यसनात ओढ असते, मात्रा वाढवत नेण्याची धडपड असते. शरीराने औषधाशी जुळवून घेणं ही वेगळी गोष्ट आहे.

शेवटचे थोडे मिलिग्रॅम जड का जातात

नैराश्याची बरीच औषधं मेंदूतल्या, सेरोटोनिन हे रसायन परत ओढून घेणाऱ्या वाहकांना अडवतात. डोस आणि ही अडवणूक सरळ प्रमाणात वाढत नाहीत. मार्क होरोविट्झ आणि डेव्हिड टेलर या संशोधकांनी 2019 मध्ये 'लॅन्सेट सायकियाट्री' या वैद्यकीय नियतकालिकात हे मांडलं. सिटॅलोप्रॅम या गोळीचा हिशोब साधारण असा: 20 मिलिग्रॅमला सुमारे 80 टक्के वाहक अडलेले, 9 मिलिग्रॅमला 70 टक्के, साडेतीनच्या आसपास 50 टक्के, आणि दीड मिलिग्रॅमलाही 30 टक्के. म्हणजे 20 वरून 10 वर येताना परिणामात फरक जेमतेम दहाएक टक्क्यांचा, आणि 10 वरून थेट शून्यावर जाताना सत्तरच्या घरातला. वरच्या पायऱ्या बोटभर उंचीच्या आणि शेवटची पुरुषभर, असा हा जिना आहे.

"अर्धी गोळी महिनाभर, मग बंद" ही पद्धत इतक्यांना का भोवते ते यावरून कळतं. पहिली पायरी सहज जाते, माणूस निर्धास्त होतो, आणि अर्धी गोळी बंद केल्यावर कोसळतो. दोष आजाराला जातो.

उपचार कसे करावेत हे सांगणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचना याला धरूनच आहेत. प्रत्येक वेळी आधीच्या डोसच्या ठरावीक प्रमाणात कपात करा, उदाहरणार्थ 50 टक्के. डोस लहान होत जाईल तशी कपातही लहान करा, उदाहरणार्थ 25 टक्के. आणि गोळीचे तितके बारीक तुकडे होत नसतील तर द्रवरूप औषध वापरा. पुढची कपात आधीच्या कपातीचा त्रास शमल्यावरच. ज्यांना आधी त्रास झालाय त्यांना या प्रवासाला कित्येक महिने लागू शकतात, आणि तसे ते लागू द्यावेत.

दिवसाआड गोळी घेणं ही दुसरी नेहमीची चूक. पॅरॉक्सेटिन किंवा व्हेन्लाफॅक्सिन दिवसाआड घेतलं तर रक्तातली पातळी सतत वर-खाली होते आणि दर गाळलेल्या दिवशी छोटं विथड्रॉवल होतं. रेंगाळणाऱ्या फ्लुऑक्सेटिनलाच ही पद्धत काही वेळा चालते. हळूहळू विरघळणाऱ्या, म्हणजे एक्सआर किंवा ईआर लिहिलेल्या गोळ्या कुटू नयेत, सगळा डोस एकदम सुटतो. ड्युलॉक्सेटिनच्या कॅप्सूलमधले दाणेही चिरडू नयेत, पोटातल्या आम्लापासून औषध वाचवणारं त्यांचं आवरण फुटतं. आणि झोपेसाठी स्वतःच्या मनाने अल्प्राझोलामसारखी गोळी जोडू नये, तिची स्वतःची सवय लागते.

आकडे काय म्हणतात

2024 मध्ये 'लॅन्सेट सायकियाट्री'त आलेल्या, 79 अभ्यास एकत्र केलेल्या विश्लेषणात खरं औषध थांबवणाऱ्यांपैकी सुमारे 31 टक्के लोकांना काही ना काही त्रास झाला, आणि प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली नुसती दिसायला तशी गोळी, थांबवणाऱ्यांपैकीही 17 टक्के लोकांना. तीव्र त्रास साधारण 35 जणांत एकाला. म्हणजे त्रास खरा आहे आणि त्यात भीतीचाही वाटा आहे. वर्षानुवर्षं गोळी घेणारे अशा अभ्यासांत कमी असतात, हे मात्र ध्यानात ठेवावं.

रिलॅप्सचा धोकाही तितकाच खरा आहे. 2021 च्या 'अँटलर' चाचणीत ब्रिटनमधले दीर्घकाळ गोळी घेणारे आणि थांबवण्याइतपत बरं वाटणारे 478 जण होते. वर्षभरात, गोळी चालू ठेवलेल्यांपैकी 39 टक्के आणि थांबवलेल्यांपैकी 56 टक्के लोकांना नैराश्याने पुन्हा गाठलं. गोळी पूर्ण ढाल नाही, आणि ती थांबवणं म्हणजे हमखास कोसळणंही नाही. पहिल्यांदाच नैराश्य आलेल्यांनी बरं वाटल्यावरही किमान सहा महिने गोळी चालू ठेवावी, आणि नैराश्य वारंवार आलेल्यांनी जास्त काळ, असं म्हणतात ते याच धोक्यामुळे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडू शकतात हेही विसरू नये. विथड्रॉवलने झोप गेली आणि झोप गेल्यामुळे नैराश्याला वाट मिळाली, असंही होतं.

डॉक्टरकडे जाताना "बरं वाटत नाही" एवढंच सांगण्यापेक्षा वहीचं एक पान न्या. त्यावर रोज तारीख, डोस, झोपेचे तास, शरीराच्या त्रासाला 0 ते 10 आणि मनाच्या त्रासाला 0 ते 10. शरीर आणि मन यांचे रकाने वेगळेच हवेत. कपातीनंतर दोन्ही आकडे एकदम उसळले आणि आठवड्या-दोन आठवड्यांत उतरू लागले, तर ते विथड्रॉवलचं चित्र. शरीराचा आकडा तळाशी आणि मनाचा मात्र आठवड्यागणिक चढत चाललेला, तर ते रिलॅप्सचं.

काही वेळा मात्र हा फरक शोधत बसायचं नसतं. जीव द्यावासा वाटणं. एका जागी क्षणभर बसवत नाही अशी आतली असह्य तगमग, जिला अकॅथिसिया म्हणतात. किंवा झोपेची गरजच न वाटता अफाट उत्साह, न थांबणारी बडबड आणि बेफाम खर्च. यातलं काहीही दिसलं तर कारण नंतर ठरेल. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं, आणि तोवर त्या माणसाला एकटं सोडायचं नाही.