फॅन एडिट

प्रदर्शित झालेल्या चित्रपटाची किंवा मालिकेची, तिच्या निर्मितीशी काडीचाही संबंध नसलेल्या प्रेक्षकाने घरच्या संगणकावर केलेली पुनर्संपादित आवृत्ती म्हणजे फॅन एडिट. ‘मध्यंतरापर्यंत मस्त, मग ढेपाळला’, ‘अर्धा तास कापला असता तर जमला असता’, ‘शेवट फसला’ असे शेरे थिएटरबाहेर पडताना सगळेच मारतात. फॅन एडिट करणारा तो अर्धा तास खरोखर कापतो आणि उरलेला चित्रपट लोकांपुढे ठेवतो. म्हणून हा समीक्षेचाच एक प्रकार मानायला हवा, आणि तोही बऱ्यापैकी कडक. टीकाकाराच्या म्हणण्यात तथ्य होते की नुसतीच आदळआपट होती, हे इथे पडद्यावर दिसते.

या प्रकाराची सगळी गंमत त्याच्या मर्यादेत आहे. एडिट करणाऱ्याच्या हाती जेवढे चित्रित होऊन बाहेर आले तेवढेच असते. त्याला प्रसंग गाळता येतात, मागेपुढे करता येतात, पार्श्वसंगीत बदलता येते, डीव्हीडीवर दिलेले वगळलेले प्रसंग पुन्हा आत घेता येतात. नवे काही चित्रित करता येत नाही. त्यामुळे दोष नेमका कुठे होता हे आपोआप उघडे पडते. कापल्यावर जो चित्रपट सुधारतो तो संपादनात बिघडलेला असतो. कितीही कापले तरी जो जागचा हलत नाही, त्याची पटकथाच फसलेली असते.

या प्रकाराला नाव मिळवून दिले ‘द फँटम एडिट’ने. जॉर्ज लुकासचा ‘स्टार वॉर्स : एपिसोड १ – द फँटम मेनेस’ १९९९मध्ये आला आणि सोळा वर्षे वाट पाहिलेल्या चाहत्यांचा हिरमोड झाला. कॅलिफोर्नियातील माइक जे. निकोल्स या व्यावसायिक संपादकाने त्यातली साधारण १८ मिनिटे काढली. ही आवृत्ती व्हीएचएस कॅसेटींवरून हातोहात पसरली आणि २००१मध्ये वर्तमानपत्रांचा विषय झाली. काम आपले आहे हे निकोल्सने पुढे उघड केले. तोवर ते चित्रपटदिग्दर्शक केव्हिन स्मिथचे असावे अशीही वदंता होती. लुकासच्या कंपनीने आरंभी हे प्रकरण हसण्यावारी नेले, पण प्रती वाढू लागल्या तसा तिचा सूर बदलला.

निकोल्सने काय काढले ते पाहण्यासारखे आहे. जार जार बिंक्स या विनोदी पात्राच्या माकडचेष्टा त्याने कमी केल्या, व्यापारी संघाच्या राजकारणाची लांबण छाटली, ‘फोर्स’ या गूढ शक्तीला रक्तातल्या सूक्ष्मजीवांचे शास्त्रीय कारण देणारा भाग गाळला. सर्वांत हुशारीची काटछाट मात्र अगदी छोटी आहे. शेवटच्या लढाईत लहानगा अ‍ॅनाकिन शत्रूचे नियंत्रक जहाज उडवतो, तेव्हा मूळ चित्रपटात त्याच्या तोंडी चूक झाल्यावर निघतो तसा उद्गार आहे. निकोल्सने तेवढा उद्गार उडवला. चित्र जवळपास तेच राहते, पण योगायोगाने जिंकलेले पोर आता ठरवून जिंकलेले वाटते. अख्ख्या चित्रपटाचा नायक एका श्वासाएवढ्या कापणीने ताठ उभा राहतो, हे लेखी परीक्षणातून कुणाला एवढ्या झटकन पटवून देता आले नसते.

लांबलेल्या कथेवर हा उपाय विशेष लागू पडतो. पीटर जॅक्सनने टोलकीनच्या ‘द हॉबिट’ या आटोपशीर बालकादंबरीवर २०१२ ते २०१४ या काळात तीन चित्रपट काढले. तिन्ही मिळून जवळजवळ आठ तासांचे. जानेवारी २०१५मध्ये एका चाहत्याने त्यांचा साडेचार तासांचा एकच चित्रपट केला. त्याने पुस्तकात नसलेले प्रेमप्रकरण पूर्ण काढले, डोल गुल्डुरच्या किल्ल्याचे उपकथानक गाळले, लढाया आखूड केल्या. मालिकांचेही असेच चित्रपट होतात. सहा भागांची ‘ओबी-वान केनोबी’ २०२२मध्ये प्रसारित झाली आणि त्याच वर्षी काई पॅटरसन या चाहत्याने तिचा सुमारे अडीच तासांचा चित्रपट बनवला. मालिकेत पाणी घालण्याची कला आपल्याकडेच वाढीस लागली असा मराठी प्रेक्षकाचा समज असेल, तर त्याने या उदाहरणाकडे जरूर पाहावे.

कापणे ऐकायला सोपे वाटते. प्रत्यक्षात खोडा घालतो तो आवाज. दोन माणसे टेबलाशी बोलत आहेत आणि मधली दोन वाक्ये नकोशी आहेत असे समजा. चित्र सांधायला फार अडचण येत नाही: बोलणाऱ्यावरून ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर जायचे, त्याच्यावर क्षणभर जास्त रेंगाळायचे आणि पुढचे वाक्य त्याच चेहऱ्यावर ऐकवायचे. ओठ दिसत नाहीत, म्हणून चोरी पकडली जात नाही. पण संवादाखाली व्हायोलिन वाजत असेल, तर दोन वाक्यांबरोबर सुरावटीचा तुकडाही जातो आणि ती ठेच कानाला डोळ्याच्या आधी कळते. ब्लू-रेवरच्या पाच अधिक एक अशा ध्वनिपट्ट्यांत संवाद बहुतांशी मधल्या पट्टीवर असतात, तिथे संगीत थोडेफार वेगळे करता येते. एरवी दार आपटल्याचा, गाडी गेल्याचा आवाज त्या सांध्यावर ठेवून वेळ मारून न्यावी लागते. याखेरीज कपडे, उजेड, पेल्यातल्या पेयाची पातळी हे सगळे सांभाळायचे. चांगला फॅन एडिट ओळखायची खूण एकच: मूळ चित्रपट न पाहिलेल्याला काही गाळले आहे असा संशय येऊ नये.

दुसऱ्याचा चित्रपट कापून आपला करण्याची खोड इंटरनेटपेक्षा पुष्कळ जुनी आहे. क्रांतीनंतरच्या रशियात परदेशी चित्रपट तिथल्या विचारसरणीला मानवतील असे नव्याने जुळवले जात. एस्फिर शुब हे काम करी, आणि फ्रिट्झ लांगच्या ‘डॉ. माबुझे’च्या पुनर्जुळणीत १९२४मध्ये तिच्या हाताखाली उमेदवारी करणारा तरुण होता पुढे नामवंत दिग्दर्शक झालेला सर्गेई आयझेनस्टाइन. चित्रांचा क्रम बदलला की अर्थ बदलतो, हा धडा त्याने दुसऱ्याच्या चित्रफितीवर गिरवला.

चित्रपट सुधारण्याच्या सूचनांचा सर्वांत नामांकित दस्तऐवज मात्र खुद्द दिग्दर्शकाचा आहे. युनिव्हर्सल स्टुडिओने ‘टच ऑफ इव्हिल’ ऑर्सन वेल्सच्या हातून काढून घेऊन परस्पर संपादित केला. ती प्रत पाहून वेल्सने १९५७मध्ये ५८ पानांचे टिपण लिहिले. स्टुडिओने त्यातले फारसे मनावर घेतले नाही. वॉल्टर मर्च या संपादकाने त्या टिपणाबरहुकूम सुमारे ५० बदल करून १९९८मध्ये नवी आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा वेल्सला जाऊन तेरा वर्षे झाली होती. मोटारीत बाँब ठेवला जातो तो आरंभीचा तीन मिनिटांहून लांब, अखंड शॉट पूर्वी श्रेयनामावली आणि हेन्री मॅन्सिनीच्या संगीताखाली दडपला होता. मर्चने दोन्ही हटवले. आता सरहद्दीवरच्या गावातल्या क्लबांतून आणि गाडीच्या रेडिओतून येणारी गाणी एकमेकांत मिसळत जातात आणि प्रेक्षकाचे लक्ष त्या गाडीवरून हलत नाही. सगळ्यांचे नशीब असे नसते. वेल्सच्याच ‘द मॅग्निफिसंट अँबरसन्स’मधून आरकेओ स्टुडिओने १९४२मध्ये ४० मिनिटांहून अधिक भाग कापून शेवट बदलला, आणि कापलेला भाग नष्ट केला. तिथे कुणाच्याही कात्रीला काम उरले नाही.

कात्री न लावता कागदावर चित्रपट दुरुस्त करण्याची तऱ्हा याच घराण्यातली. सत्यजित राय जाहिरात कंपनीत नोकरी करत होते तेव्हा त्यांना एक नाद होता. एखाद्या कथेवर चित्रपट येणार असे कळले की ते त्या कथेची स्वतःची पटकथा लिहून ठेवत आणि चित्रपट लागल्यावर दोन्ही ताडून पाहत. भारतीय चित्रपटांचे कुठे चुकते यावर १९४८मध्ये त्यांनी ‘द स्टेट्समन’मध्ये लेख लिहिला आणि सात वर्षांनी ‘पथेर पांचाली’ पडद्यावर आणला. दुसऱ्याच्या चित्रपटावर बोट ठेवून घेतलेली एवढी शिस्तबद्ध तालीम क्वचितच सापडेल.

आजच्या काळात हे काम व्हिडिओ-निबंध, म्हणजे चित्रपटातली दृश्ये दाखवत केलेली विवेचने, करतात. त्यांतला इव्हान पुशाकने ‘पॅसेंजर्स’ (२०१६) या चित्रपटावर केलेला निबंध नमुनेदार आहे. १२० वर्षांच्या अंतराळप्रवासात एक तंत्रज्ञ ९० वर्षे आधीच जागा होतो, वर्षभर एकटा राहतो आणि अखेर एका झोपलेल्या तरुणीला मुद्दाम जागे करतो. ती मात्र हा यंत्राचा बिघाड समजते. मूळ चित्रपट त्याच्या जागे होण्याने सुरू होतो, त्यामुळे त्याचे पाप आपल्याला आधीच ठाऊक असते आणि पुढचा शृंगार बेचव लागतो. पुशाकची सूचना अशी की, गोष्ट तिच्या जागे होण्यापासून सुरू करा. मग समोरचा हा भला माणूस आपल्यालाही तिच्याइतकाच अनोळखी, कुठेतरी खटकत राहतो, आणि यंत्रमानव बारटेंडर गुपित फोडतो तेव्हा तिच्याबरोबर आपणही हादरतो. प्रसंग जवळपास तेच, क्रम तेवढा निराळा, आणि प्रेमकथेचा भयपट होतो. त्याने सुचवलेला शेवट मात्र नव्याने चित्रित केल्याखेरीज साधणार नाही. कात्रीची हद्द तिथे संपते.

काही एडिट सुधारण्याऐवजी सुधारणा पुसण्यासाठी होतात. लुकासने १९९७मध्ये आपल्या जुन्या तीन ‘स्टार वॉर्स’ चित्रपटांत संगणकीय दृश्ये भरली, प्रसंग बदलले, आणि पुढे मूळ रूप चांगल्या प्रतीत मिळेनासे झाले. पेट्र हार्माचेक या चेक चाहत्याने निरनिराळ्या स्रोतांतून तुकडे जमवून ते रूप पुन्हा उभे केले. हाच लुकास १९८८मध्ये अमेरिकी काँग्रेससमोर, जुन्या चित्रपटांत परस्पर फेरफार करणे हा सांस्कृतिक अपराध आहे अशा अर्थाची साक्ष देऊन आला होता!

भारतात फॅन एडिटची वेगळी चळवळ उभी राहिली नाही. आपल्याकडे दुरुस्ती बहुधा वरूनच आली. आणीबाणीत प्रदर्शित झालेल्या ‘शोले’मध्ये ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला ठार मारतो असा शेवट चित्रित झाला होता. सेन्सॉरच्या आक्षेपामुळे तो बदलून पोलिसांना ऐन वेळी आणावे लागले. मूळ शेवट चाहत्यांनी कॅसेटी आणि इंटरनेटवरून जपला आणि २०२५मध्ये पुनर्स्थापित आवृत्तीत तो अधिकृतपणे परतला. रिमेक ही आपली दुसरी वाट. ‘सैराट’च्या (२०१६) शेवटी आर्ची आणि परश्या दोघेही मारले जातात. हिंदी ‘धडक’ने (२०१८) नायिकेला जिवंत ठेवून तिच्यासमोर नवरा आणि मूल मारले. धक्का बसतो, पण जातीचा विषय वाटेतच पातळ केल्यावर शेवट बदलून काय साधले, असा प्रश्न मराठी प्रेक्षकांनी विचारला तो रास्तच होता. दैनंदिन मालिकांत तर प्रेक्षकाची टीका टीआरपीच्या आकड्यांतून थेट लेखकाच्या टेबलावर पोहोचते आणि नावडते पात्र बघता बघता परदेशी रवाना होते. तिथे एडिट करायला सवड कुणाला?

फॅन एडिट आणि चाहत्यांची मागणी यांत गल्लत करू नये. ‘गेम ऑफ थ्रोन्स’चा आठवा मोसम नव्याने लिहावा अशी विनंती करणाऱ्या अर्जावर २०१९मध्ये १५ लाखांहून अधिक लोकांनी नावे नोंदवली, काय लिहावे हे त्यात नव्हते. त्याच वर्षी ‘सॉनिक द हेजहॉग’च्या ट्रेलरमधील प्राण्याचे रूप पाहून एवढी ओरड झाली की निर्मात्यांनी चित्रपट तीन महिने पुढे ढकलून ते रूप बदलले. पहिल्यांनी नुसतेच ओरडून घेतले, दुसऱ्यांनी ओरडून काम करवून घेतले. स्वतः कापून दाखवणाऱ्याचे श्रम आणि जोखीम दोन्हींत नाहीत.

कायद्याने फॅन एडिट अडचणीच्या जागी उभा आहे. हे काम करणाऱ्या मंडळींत विकत न घेतलेल्या चित्रपटाला हात लावू नये आणि एडिटचे पैसे घेऊ नयेत असा संकेत आहे, पण संकेत म्हणजे परवाना नव्हे. अमेरिकेत चित्रपटांतली ‘अश्लील’ दृश्ये कापून प्रती विकणाऱ्या क्लीनफ्लिक्सविरुद्ध २००६मध्ये निकाल गेला. त्या खटल्याच्या नावात दिग्दर्शकांच्या बाजूने स्टीव्हन सोडरबर्गचे नाव आहे. पुढे याच सोडरबर्गने कुब्रिकच्या ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ची स्वतः कापलेली आवृत्ती आपल्या संकेतस्थळावर ठेवली आणि हक्कधारकांच्या सांगण्यावरून काढून घेतली. भारतातील १९५७च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ समीक्षेसाठी वाजवी वापराची मुभा देते, पण अख्खा चित्रपट नव्याने जुळवून वाटणे त्यात बसवणे कठीण. कलम ५७ कर्त्याला कलाकृतीच्या विद्रूपीकरणाविरुद्ध हक्क देते. मात्र याच कायद्याच्या व्याख्येत चित्रपटाचा कर्ता म्हणजे निर्माता, दिग्दर्शक नव्हे.

ही मेख १ ऑगस्ट २०२५ला सर्वांना दिसली. ‘रांझणा’ (२०१३) या चित्रपटाची तमिळ आवृत्ती इरॉस कंपनीने पुन्हा प्रदर्शित केली, तेव्हा कृत्रिम बुद्धिमत्तेने तिचा शेवट बदलून मेलेल्या नायकाला जिवंत केले होते. दिग्दर्शक आनंद एल. राय आणि नायक धनुष दोघांनीही जाहीर निषेध केला. कंपनीने हक्क आपले असल्याचे सांगितले. फॅन एडिटला जी अट बांधून ठेवत होती, चित्रित झाले तेवढेच वापरायचे, ती इथे उरलीच नाही. असा शेवट सुखाचा करता येतो, पण मूळ चित्रपट कुठे चुकला होता याविषयी तो काहीही सिद्ध करत नाही.